शिशाचं अक्षर

त्याने आधी पाय ओळखला, माणूस नंतर. सोमवारची सकाळ, सव्वादहा वाजलेले, एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर खोकणारी, कण्हणारी आणि नुसतीच वैतागलेली माणसं नेहमीसारखी बसलेली. त्याने दार अर्धं उघडून "पुढचे" म्हणून हाक दिली आणि भिंतीला हात लावत एकजण लंगडत आत आला. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, सुजून तकतकीत झालेली नडगी आणि गुडघ्याखाली लांब मोज्याच्या इलॅस्टिकचा अजून न गेलेला वळ. असा वळ फुटबॉल खेळणाऱ्याच्या पायावरच असतो, आणि तो सोमवारी दिसला म्हणजे रविवारचा असतो. कागदावर त्या माणसाचं नाव होतं, वय सत्तावीस होतं, खाली डॉक्टरांच्या गिचमीड अक्षरात 'डावा पाय, कालचा मार' एवढंच होतं. नाव वाचून त्याला काही आठवलं नाही. चेहरा पाहूनही नाही, कारण मैदानावर पंच म्हणून तो चेहरे बघतच नसे, पाठीवरचे आकडे बघे. मग टेबलावर चढताना त्या माणसाने आधी खांदा फिरवला आणि मागाहून कंबर, आणि ती लकब त्याने ओळखली. हा अकरा. काल त्रेसष्टाव्या मिनिटाला आपल्या डोळ्यांसमोर पडलेला अकरा नंबर. डोळ्यांसमोर म्हणायचं की नाही, हाच तर कालपासूनचा घोळ होता.

"आडवे व्हा. पाय सरळ. बोटं छताकडे." पंधरा वर्षं बोलून बोलून झिजलेले हे शब्द तोंडातून आपोआप बाहेर पडले हे बरंच झालं. तोंडावर मास्क होता, अंगात पांढरा डगला, गळ्यात शिटी नाही. अकराने आपल्याला ओळखलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. तो छताकडे बघत होता, जसे सगळेच बघतात. त्याने टाचेला हात लावून पाय थोडा आत वळवला तेव्हा अकराने दातांवर दात दाबून श्वास ओढला, आणि तो आवाज त्याला नको तितका जवळून ऐकू आला. मैदानावर इतकं जवळ कधी कुणी येत नाही. दहा पावलं लांबून सगळं कसं स्वच्छ असतं, फाउल आहे किंवा नाही, कार्ड आहे किंवा नाही. इथे हातात गरम, घामेजलेली टाच होती आणि तिचं नेमकं काय करायचं ते त्याला सुचेना. त्याने खिडकीतली डबी उघडली. डबीत शिशाची दोन अक्षरं असत, उजव्यासाठी आर आणि डाव्यासाठी एल. ज्या बाजूचा अवयव ते अक्षर शेजारी ठेवून फोटो काढायचा, म्हणजे उद्या कुणी भलत्याच पायाला प्लास्टर घालत नाही. त्याने अक्षर ठेवलं, काचेमागे गेला, "हलू नका" म्हणाला आणि बटण दाबलं. एकदा समोरून, एकदा बाजूने.

पडद्यावर पाय उमटला. जाड हाड ठणठणीत होतं. बारीक हाडावर, मध्याच्या जरा खाली, तिरकी रेघ होती. बशीला तडा जातो आणि बशी तरीही बशीच राहते, तशी.

"काही दिसतंय का?" अकराने पडल्या पडल्या विचारलं.

"डॉक्टर सांगतील," तो म्हणाला. दिवसातून तीस वेळा तो हे म्हणत असे. या खोलीचा नियमच तसा होता. फोटो काढणाऱ्याला सगळं दिसतं, पण दिसलेलं बोलायचा अधिकार त्याचा नाही. तीस वेळा माणसं त्याच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते शोधत, आणि तो कोऱ्या पाटीसारखा चेहरा करून त्यांना बाकावर परत पाठवत असे. मैदानावर नेमकं उलटं. तिथे जे दिसलं ते लगेच, मोठ्याने, हात वर करून सांगावं लागतं, आणि दिसलं नाही तर तेही दिसल्यासारखंच सांगावं लागतं. दवाखान्यात सगळे त्याला 'पंच' म्हणत आणि मैदानावर 'फोटोवाला', म्हणजे जिथे जावं तिथे हा माणूस दुसरीकडचा. यावर तो स्वतःही हसत असे. आज त्याला हसू आलं नाही. अकरा भिंत धरून बाकाकडे गेला आणि टेबलावरच्या कागदावर घामाने पाय उमटलेला राहिला.

काल सामन्यानंतर त्याने घरी नेलेला अहवालाचा कागद आत्ता त्याच्या पिशवीत, डब्याखाली होता. सगळे रकाने भरलेले, एक सोडून. संध्याकाळी सहाच्या आत तो स्पर्धा समितीकडे गेला पाहिजे होता. मोकळा रकाना त्रेसष्टाव्या मिनिटाचा. 'घटना पंचांनी पाहिली होती काय?' त्यापुढे दोन बोटं जागा. तिथे 'नाही' लिहिलं तर समिती घटना स्वतःकडे घेणार, खेळाडूंना बोलावणार, अकराची नडगी पाहणार आणि त्याला बूट मारणाऱ्या चार नंबरला चार-सहा सामने घरी बसवणार. तिथे 'हो' लिहिलं तर प्रकरण तिथल्या तिथे मिटलं, कारण पंचाने पाहिलं आणि कार्ड काढलं नाही, म्हणजे पंचाच्या मते ते कार्डाजोगं नव्हतं, आणि पंचाच्या मतावर समिती बोट ठेवत नाही. म्हणजे पाहिलं असेल, तर खरं लिहिल्याने ज्याने मारलं तो सुटणार आणि खोटं लिहिल्याने ज्याला लागलं त्याला न्याय मिळणार. इथवर असतं तरी त्याने डोळे मिटून 'नाही' लिहिलं असतं. पण 'नाही' लिहिण्यात त्याचाही फायदा होता. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल पंचाला कुणी बोल लावत नाही, पाहून सोडलेल्या गोष्टीबद्दल मात्र त्याला पुढच्या महिन्यातला अंतिम सामना विसरावा लागतो. जे खोटं दुसऱ्याच्या भल्याचं आहे ते आपल्याही भल्याचं निघालं की ते नक्की कुणासाठी बोलतोय हे कसं ओळखायचं? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. आणि या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक भानगड होती, ती तो कुणालाच सांगू शकत नव्हता. आपण पाहिलं की नाही, हेच त्याला माहीत नव्हतं.

अकरा वाजता झेंड्याचा फोन आला. झेंडा म्हणजे कालच्या सामन्यातला त्याचा सहायक पंच, रेषेवर झेंडा घेऊन धावणारा. एरवी टपाल कचेरीत खिडकीवर बसणारा आणि बोलायला लागला की झेंडा खाली न ठेवणारा.

"लिहिलंस का?"

"नाही अजून."

"अरे त्यात लिहायचं काय एवढं? 'नाही' लिही आणि मोकळा हो. चारची पाठ तुझ्याकडे होती. तुला दिसणं शक्यच नव्हतं."

"तुला दिसलं?"

"माझ्यापुढे त्यांचा तो ढोला मागचा खेळाडू उभा होता, मला तर बॉलही दिसत नव्हता. मी काय म्हणतो, तुला नुसता धक्का दिसला. हाताचा. म्हणून तू फ्री किक दिलीस. पायाचं तुला दिसलंच नाही. सरळ आहे."

"सरळ आहे," तो म्हणाला.

"आणि अकराचंही भलं होतंय. कुणाचं वाईट होतंय सांग? त्या चारचं? होऊ दे की."

झेंड्याने फोन ठेवला आणि याच्या डोक्यात चारची पाठ आली. रुंद, भिजलेली, पाठीवर पांढरा आकडा. त्या पाठीपलीकडे अकराचं नुसतं डोकं, मग तेही नाही. इतकं स्पष्ट दिसत होतं की त्याला हायसं वाटलं. मग दुसरं एक चित्र आलं, त्यात पाठ नव्हती. त्यात अकरा समोरून त्याच्याकडे पळत येत होता, चार बाजूने येत होता, बुटाचा तळ दिसत होता. दोन्ही चित्रं सारखीच खरी होती. त्यातलं आपलं कुठलं आणि झेंड्याने आत्ता फोनवरून पाठवलेलं कुठलं हे ठरवायला तो गेला की दोन्ही पुसट होत. एकच गोष्ट कुठल्याही चित्रात तशीच राहत होती, आणि ती डोळ्यांची नव्हती, कानांची होती. टक्. नडगीवरच्या प्लास्टिकच्या पट्टीवर बूट बसल्याचा आवाज. आणि आणखी एक, हाताची. आपला उजवा हात छातीवरच्या खिशाकडे निघाला होता आणि वाटेतच परत फिरला होता, असं त्याला वाटत होतं. की तो घाम पुसायला निघाला होता?

मधल्या वेळात तो फोटो काढत राहिला. एक छाती, एक मनगट, पुन्हा एक छाती. "श्वास घ्या. धरा. सोडा." श्वास धरलेल्या माणसाकडे बघताना त्याला मामा आठवला. मामा, म्हणजे त्याच्या आईचा भाऊ, स्वतः तीस वर्षं पंच होता आणि याला शिटी त्यानेच हातात दिली होती. मामा म्हणे, "मॅच हातात ठेवायची, मुठीत नाही. मूठ आवळलीस की बोटांमधून गळते." मामा म्हणे, "लवकर कार्ड काढणारा पंच शेवटपर्यंत कार्डंच काढत बसतो." आणि हेही मामाच म्हणे की, "जे फाउल आहे ते पहिल्या मिनिटाला फाउल आणि नव्वदाव्याही." तेव्हा तो मान डोलवत असे. या तीन वाक्यांचं आपसात जमत नाही हे त्याच्या लक्षात यायला बारा वर्षं लागली, आणि तोवर मामाला विचारायची सोय उरली नव्हती. काल बाविसाव्या मिनिटाला त्याने चारला पिवळं कार्ड दाखवलं, शर्ट ओढला म्हणून. चार हा यजमानांचा कप्तान. दोराबाहेर त्यांचेच चार-पाचशे लोक. दोन आठवड्यांपूर्वी याच मैदानावर दुसऱ्या एका पंचाने कुणालातरी बाहेर काढलं तर दोर तुटला होता, लोक आत शिरले होते, आणि तो पंच कपडे बदलायच्या खोलीत दोन तास कडी लावून बसला होता. बाविसाव्या मिनिटाला कार्ड खिशात परत ठेवताना दोराबाहेरून उठलेला तो घुमारा त्याने ऐकला आणि स्वतःशी एक गोष्ट ठरवली. मोठ्याने नाही, शब्दांतही नाही. चारला आज दुसरं, बाहेर काढणारं कार्ड नाही. काहीही झालं तरी. हे त्याला आता, मनगटाचा फोटो काढताना, अगदी लख्ख आठवलं. आणि मग प्रश्न असा झाला की जे बघायचं नाही असं बाविसाव्या मिनिटाला ठरवलं, ते त्रेसष्टाव्या मिनिटाला डोळ्यांना दिसतं की नाही? कानाडोळा म्हणतात तो करावा लागतो की आपोआप होतो?

सामना मात्र छान पार पडला होता. शेवटची शिटी झाल्यावर दोन्ही बाजूंनी हात मिळवले, चारने तर त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि कठड्याजवळ बसलेले निरीक्षक कधी नव्हे ते उठून आले. "उत्तम हाताळलीत मॅच. पेटायची होती, तुम्ही पेटू दिली नाहीत." अकरा तेव्हा कुठे होता? तो आठवायचा प्रयत्न करत होता. फ्री किकनंतर अकरा उठला होता, दहा मिनिटं खेळलाही होता, एका पायावर भार देत, मग त्यांनी त्याला बदललं. बाहेर जाताना तो त्याच्या जवळून गेला होता आणि त्याने, म्हणजे पंचाने, टाळ्या वाजवल्या होत्या. दोन-तीन. चांगला खेळलास अशा अर्थी. त्या टाळ्या आठवून त्याचे कान आता गरम झाले.

घरी आल्यावर बायको म्हणाली होती, "आज चेहरा बरा आहे. भांडणं नाही झाली वाटतं." तो म्हणाला, "होऊ दिली नाहीत." ती भाजी चिरता चिरता हसली. "घरीसुद्धा तेच करता. पोरी भांडल्या की दोघींना दोन खोल्यांत. कुणी आधी मारलं ते विचारायचं नाही." ती हे चिडून म्हणाली नव्हती, तरी त्याला लागलं. कारण ही रीत त्याची नव्हती, आईची होती. त्याचे वडील रात्रपाळीला जात आणि दिवसा झोपत, आणि त्या लहान दोन खोल्यांत दिवसभर आवाज करायचा नाही हा एकच कायदा होता. एकदा त्याच्या हातून काचेची बरणी फुटली. तो आठ वर्षांचा, ताई त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. वडील दचकून उठले, बाहेर आले आणि समोर दिसली म्हणून ताईच्या मुस्काटात ठेवून दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी. ताईने तोंड उघडलं तसा आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. "आत्ता नाही. कुणाचं चुकलं ते नंतर बघू. आधी त्यांना झोपू दे." वडील झोपले. घर शांत झालं. आई काचा वेचत राहिली, ताई भिंतीशी बसून राहिली, आणि तो त्या शांततेत इतका सुखावला होता की अजून आठवलं तरी त्याला आधी सुख आठवे, लाज मागाहून. नंतर बघू म्हणालेली आई दुष्ट नव्हती. तिला खरंच नंतर बघायचं होतं. पण ते नंतर काही आलं नाही. ताईने पुढे कधी विषय काढला नाही, आणि तिने पाहिलं होतं की नाही, बरणी कुणाच्या हातातून पडली ते, हे त्याने तिला कधी विचारलं नाही.

बाराला दहा कमी असताना आतल्या खोलीतून फोन वाजला. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरबाई होत्या. बाई मनाने चांगल्या, पण त्यांच्या तोंडाला धार होती.

"अहो पंच, हा सत्तावीस वर्षांचा पाय. याचं बारीक हाड एका बाजूला आणि तुमचं अक्षर दुसऱ्या बाजूचं. पाय उलटा बसवून घेतलाय का यानं?"

त्याने पडद्यावर फोटो उघडला. बारीक हाड पायाच्या बाहेरच्या बाजूला असतं, हे तो झोपेतही सांगू शकला असता. पडद्यावरचा पाय डावा होता, कागदावर डावा लिहिलेला होता, आणि पायाशेजारी पांढरंशुभ्र, शिशाचं, स्वतःच्या हाताने ठेवलेलं अक्षर आर होतं.

"डाव्याला उजवा लावलात," बाई म्हणाल्या. "पंधरा वर्षांत पहिल्यांदा पाहतेय तुमच्याकडून. तब्येत बरी आहे ना? पुन्हा काढा." नियम साफ होता. चुकीच्या खुणेचा फोटो वरून दुरुस्त करायचा नाही, नवा काढायचा.

फोन ठेवून तो तसाच बसला. चूक कुणाचीही होते, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण ही चूक कशी झाली ते त्याला कळत होतं, आणि न कळतं तर बरं झालं असतं. या खोलीत माणूस समोर आडवा असतो, त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. पंधरा वर्षांत ही उलटापालट त्याच्या अंगवळणी पडली होती, मनाला विचारावंही लागत नसे. आज सकाळी मात्र अक्षर उचलताना त्याने समोरचा पाय पाहिलाच नव्हता, कागदही पाहिला नव्हता. त्याने कालचा पाय पाहिला होता. काल ज्या पायावर बूट बसला तो पाय त्याच्या उजव्या हाताला होता. म्हणून उजवा. मैदानावर तो डाव्या-उजव्याची उलटापालट करत नसे, तिथे तशी गरजच नसते. अकराचा डावा पाय त्याच्या उजव्या हाताला यायचा तर अकरा समोरून त्याच्याकडे तोंड करून यायला हवा. मध्ये कुणाचीही पाठ नको. झेंड्याने पाठवलेली ती रुंद, भिजलेली पाठ आता त्याला हवी होती तरी येईना. दुसरं चित्र आलं आणि थांबलं. समोरून येणारा अकरा, बाजूने चार, वर उचललेला बुटाचा तळ, त्याला चिकटलेलं गवत. टक्. छातीवरच्या खिशाकडे निघालेला हात. तो घाम पुसायला निघाला नव्हता. धक्क्यासाठी कुणी कार्डाच्या खिशात हात घालत नाही. डोळ्यांनी पाहिलं, हाताला कळलं, आणि मधल्या कुठल्यातरी खोलीत कुणीतरी म्हणालं, नंतर बघू.

अकरा बाकावरच होता, रिपोर्टची वाट बघत. पुन्हा आत यायला सांगितल्यावर तो घाबरला.

"का? काही वाईट आहे का?"

"नाही. चूक माझी झाली. खूण चुकली. पुन्हा काढावा लागेल."

"मग ठीक आहे," अकरा म्हणाला आणि खांदा आधी, कंबर मागाहून, टेबलावर चढला. या खेपेस त्याने कागद पाहिला, पाय पाहिला, अक्षर उचललं, उजेडात धरून पाहिलं आणि ठेवलं. अकरा त्याच्या बोटांकडे बघत होता.

"तुम्ही कालचे पंच ना?"

त्याने मास्क खाली ओढला आणि म्हणाला, "हो."

"मला सकाळीच वाटलं. आवाजावरून. म्हटलं कसं विचारायचं." अकरा जरासा हसला. "काळ्या कपड्यांत तुम्ही उंच दिसता."

"पाय हलवू नका."

"नाही हलवत. काल ते म्हणत होते आमच्यातले, पंचांना सांगा, पंचांना सांगा. मी म्हटलं, त्यांना दिसलंच नसणार. मध्ये कुणीतरी आलं असेल. दिसलं असतं तर त्यांनी सोडलं नसतं." तो छताकडे बघत, साधेपणाने बोलत होता, त्यात टोमणा शोधूनही सापडला नसता. "तुम्ही आमच्या तीन मॅचेस केल्यात. तुम्ही सोडत नाही कुणाला."

आता काचेमागे जायचं होतं. काचेमागे जावं, बटण दाबावं, यंत्राचा आवाज होईल, त्या आवाजात हे वाक्य बुडून जाईल, आणि संध्याकाळी 'नाही' लिहिलं की अकराही खरा, झेंडाही खरा, समितीही खूश. तेरी भी चूप, मेरी भी चूप. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने एक पाऊल काचेकडे टाकलंही. मग ते पाऊल तिथेच राहिलं, का राहिलं हे त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

"मला दिसलं होतं," तो म्हणाला.

अकराने मान वळवली. "काय?"

"काल. त्याने मारलं ते. मी समोर होतो. मला दिसलं होतं."

यंत्राचा पंखा फिरत होता. बाहेर बाकावर कुणीतरी कुणाला तरी किती वाजले विचारत होतं.

"मग?" अकरा म्हणाला.

एकच शब्द. त्याची त्याने कुठलीच तयारी केलेली नव्हती. शिव्या आल्या असत्या तर त्याची तयारी होती, शिव्या तो दर रविवारी खात असे.

"त्याला बाहेर काढलं असतं तर मॅच हातातून गेली असती," तो म्हणाला. "लोक आत आले असते. तुम्हालाच आणखी मार बसला असता. सगळ्यांनाच. असं वाटलं. म्हणजे, तेव्हा तसं वाटलं." बोलताना ते त्याला खरंच पटत होतं. तेच तर अवघड होतं. दोर तुटला असता कदाचित. नसताही. ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

अकराने डोकं जरा उचललं आणि आपल्या नडगीकडे पाहिलं, कुणा दुसऱ्याची वस्तू पाहावी तसं.

"नाही गेली ना पण," तो म्हणाला. "मॅच."

"नाही."

"हं." त्याने डोकं परत खाली ठेवलं. मग त्याने सकाळचाच प्रश्न विचारला, पण आता तो प्रश्न नव्हता, मागणी होती. "फोटोत काय दिसतंय?"

डॉक्टर सांगतील, हे वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं. "बारीक हाड मोडलंय," तो म्हणाला. "मध्याच्या खाली. जाड हाड शाबूत आहे. सहा आठवडे तरी लागतील. जास्तही." पंधरा वर्षांत त्याने या खोलीत पहिल्यांदाच दिसलेलं सांगितलं होतं. अकराने डोळे मिटले. त्याने काचेमागे जाऊन बटण दाबलं, एकदा समोरून, एकदा बाजूने. "झालं," तो म्हणाला. अकरा उतरला, आधाराला पुढे केलेला हात त्याने धरला नाही, रागाने नाही, दिसलाच नसावा असं, आणि भिंत धरून बाहेर गेला.

पाच वाजता त्याने डब्याखालचा कागद काढला. मोकळ्या रकान्यात 'हो, पाहिली' लिहिलं. शाई वाळेपर्यंत बघत राहिला. खाली 'कारवाई' होती, तिथे लिहिलं, 'फ्री किक. कार्ड दाखवायला हवे होते, दाखवले नाही.' हे जास्तीचं वाक्य समितीच्या काही कामाचं नव्हतं, नियम नियम आहे. फार तर निरीक्षकांचं तोंड कडू होईल. अंतिम सामना गेला हे त्याला कळत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं, सरळ, स्वच्छ वाईट. बाकी काहीच इतकं स्वच्छ नव्हतं. कागदाचा फोटो काढून पाठवला आणि तिसऱ्या मिनिटाला झेंड्याचा फोन आला. समितीत त्याचा कुणीतरी होता.

"वेड लागलंय का तुला? 'हो' काय लिहिलंस? आता चार सुटला! पुढच्या रविवारी खेळणार तो!"

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणे. मोठा खरं बोलायला निघालाय. आणि अकराला काय मिळालं यातून?"

तो खिडकीत उभा होता. डबीत दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी ठेवलेली होती. "त्याला कळलं," तो म्हणाला.

"काय कळलं?"

"की मला दिसलं होतं."

"आणि त्याचं तो करणार काय?"

"माहीत नाही," तो म्हणाला. खरंच नव्हतं. आपण त्याला काही दिलं की त्याच्याजवळ होतं तेही काढून घेतलं, हे दुपारपासून तो उलटसुलट करून पाहत होता. सकाळी त्या माणसाचा नुसता पाय मोडलेला होता. ताईला फोन करावा असं त्याच्या मनात आलं, तो तिला काय विचारणार होता ते कळेना, आणि तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार वाजवलं.

आजचा शेवटचा कागद. एक आजी, घरात घसरून पडलेल्या, मनगटाला ओढणी गुंडाळलेली. त्याने त्यांना खुर्चीवर बसवलं, कागद वाचला, डबी उघडली, अक्षर उचललं आणि थांबला. आजी त्याच्या समोर, त्याच्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

"कोणता हात, आजी?"

"हा काय," म्हणून त्यांनी हात वर केला.

त्याने हाताकडे पाहिलं, अक्षराकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे पाहिलं. "पुन्हा एकदा वर करा बरं," तो म्हणाला, आणि त्यांच्या शेजारी जाऊन, त्या बघत होत्या त्याच दिशेला तोंड करून उभा राहिला.